हेडस्टॉकवरचे नाव आणि आतली साक्ष

१९५२ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील कलामझू या शहरी गिब्सन कंपनीने लेस पॉल या विख्यात वादकाच्या नावाने भरीव लाकडाची एक इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, त्या वेळी महोगनीच्या अंगावर मेपलचा घुमटाकार थर चढवून त्यास सोनेरी रंग दिलेले हे वाद्य पहिल्या अवतारात दशकभरही टिकणार नाही आणि तरीही पुढच्या पिढ्यांत त्याच्या नुसत्या नावाला मोल येईल, असा अदमास खुद्द कारखानदारांनाही आला नसावा. १९५७ मध्ये सेथ लव्हर या अभियंत्याने योजलेले, विजेची घरघर मारणारे दुहेरी गुंडाळीचे पिकअप तिच्यात बसले. १९५८ पासून सोनेरी रंगाच्या जागी मेपलच्या अंगच्या रेषा दाखविणारी तांबूस-पिवळी छटा आली. आणि १९६० नंतर, खप मंदावल्यामुळे, ही घडणच बंद करण्यात आली. त्या छटेच्या गिटारी तीन वर्षांत सुमारे दीड हजारच निघाल्या. पुढे किथ रिचर्ड्स, एरिक क्लॅप्टन यांसारख्या इंग्लंडमधील तरुण वादकांनी याच टाकून दिलेल्या घडणीतून १९६४ ते १९६६ च्या दरम्यान असा काही नाद काढला की मागणीचा ओघ उलटा फिरला, १९६८ मध्ये कंपनीला लेस पॉल पुन्हा सुरू करावी लागली, आणि त्या दीड हजारांपैकी एखादी आज विक्रीस निघाली तर तिचा सौदा लाखो डॉलरांत होतो. जिथे मूळ वस्तू इतकी थोडी आणि तिची अभिलाषा इतकी मोठी, तिथे तोतया निपजल्यावाचून राहत नाही. २०२५ मध्ये अमेरिकी जकात खात्याने लॉस एंजेलिस व लाँग बीचच्या बंदरात आशियातून जहाजाने आलेल्या तीन हजारांहून अधिक खोट्या गिब्सन गिटारी जप्त केल्याचे जाहीर केले. त्या खऱ्या असत्या तर त्यांची किंमत एक कोटी ऐंशी लाख डॉलरांच्या वर गेली असती.

परीक्षणाकडे वळण्यापूर्वी नक्कल आणि बनावट यांतला भेद नीट ध्यानी घेतला पाहिजे, कारण तो न कळल्यामुळे पुष्कळ निरपराध वाद्यांची बदनामी होते. एखाद्या कारखान्याने लेस पॉलच्या आकाराची गिटार करून तिच्यावर आपलेच नाव घातले तर ती नक्कल होय, आणि नक्कल प्रामाणिक असू शकते. १९७० च्या दशकात जपानमध्ये ग्रेको, तोकाई, इबानेझ या नावांनी अशा गिटारी मुबलक निघाल्या; इबानेझच्या अमेरिकेतील वितरकाविरुद्ध गिब्सनच्या तत्कालीन मालकांनी १९७७ मध्ये फिलाडेल्फियाच्या न्यायालयात दावा लावला तो मुख्यतः हेडस्टॉकच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी खुंट्या असलेल्या भागाच्या, आकारावरून, आणि तो पुढे आपसांत मिटला. त्या काळच्या जपानी गिटारी आज स्वतःच्या गुणांवर संग्राहकांच्या आदरास पात्र झाल्या आहेत. त्याचप्रमाणे एपिफोन हे नाव १९५७ पासून गिब्सनच्याच मालकीचे असून त्या नावाने कोरियात आणि चीनमध्ये झालेली स्वस्त लेस पॉल ही पूर्णपणे अधिकृत वस्तू आहे. अपराध सुरू होतो तो गिब्सनच्या कारखान्यात कधीही न गेलेल्या लाकडावर गिब्सनचे नाव जडविले जाते तेव्हा. याचीच एक अधिक कावेबाज तऱ्हा अशी की एखाद्या चांगल्या जपानी गिटारचे अथवा एपिफोनचे मूळ नाव घासून काढावे आणि तिथे थोरल्या घराण्याचे नाव बसवावे. या वेळी वाद्य चांगले वाजते, म्हणूनच घेणारा अधिक सहज फसतो.

बनावट करणाऱ्याला आपला जिन्नस मूळ किमतीच्या लहानशा अंशात तयार करावा लागतो. साहजिकच तो खर्च करतो तो जिथे गिऱ्हाइकाची दृष्टी प्रथम पडते तिथे, म्हणजे नावावर, रंगावर, चकाकीवर आणि दुरून दिसणाऱ्या आकारावर. जो भाग पाहण्यासाठी स्क्रू काढावे लागतात, आरसा धरावा लागतो किंवा बोटाने चाचपावे लागते, तिथे तो हात आखडतो. उलट मूळ कारखान्याने त्या झाकलेल्या जागी जे केले ते कोणाला दाखविण्यासाठी केलेले नसून तेथील यंत्रांच्या, इंचाच्या मापांच्या आणि कारागिरांच्या दीर्घकाळच्या सवयीतून आपोआप उतरलेले असते, आणि सवयीची नक्कल करणे हे नावाच्या नकलेपेक्षा फार महाग पडते. म्हणून पारख बाहेरून आत गेली पाहिजे. आणि तिचा निकाल एका खुणेवर लागू नये: जुन्या कागदाची शहानिशा करणारा इतिहाससंशोधक जसा शिक्का पाहून थांबत नाही, तर कागदाची जात, शाईचा रंग, मोडीचे वळण आणि मजकुरातील तारीख यांची परस्परांशी रुजवात घालतो, तसाच येथेही प्रत्येक भागाची साक्ष दुसऱ्या भागाच्या साक्षीशी आणि विक्रेत्याने सांगितलेल्या सालाशी जुळते की नाही हे पाहावे लागते.

आरंभ हेडस्टॉकवरच्या, तारा जिथे मानेच्या टोकाशी टेकतात त्या पट्टीच्या लगत असलेल्या, घंटेच्या आकाराच्या लहान झाकणापासून करावा. गिटारच्या सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ४५ किलो भरतो, आणि त्या ताणाखाली मान पुढे वाकू नये म्हणून तिच्या पोटात पोलादाची एक कांब घातलेली असते; गिब्सनच्याच थॅडियस मॅकह्यू या कारागिराला या योजनेचे पेटंट १९२३ मध्ये मिळाले. कांब कमी-जास्त आवळण्याची जागा या झाकणाखाली असते. मूळ गिब्सनवर हे झाकण दोन स्क्रूंनी बसविलेले असते, तर खोट्यांपैकी फार मोठ्या संख्येवर तीन स्क्रू आढळतात, ही गोष्ट आता इतकी प्रसिद्ध आहे की नव्या पिढीच्या बनावटकारांनी तिसरा स्क्रू काढून टाकण्याची दक्षता घेतली आहे. पण झाकण उघडले की त्यांची दक्षता तिथेच संपते. आत गिब्सनच्या कांबेच्या आटे पाडलेल्या टोकावर पितळेचा षट्कोनी नट चढविलेला दिसतो आणि तो फिरविण्यास ५/१६ इंच मापाचा पोकळ पाना लागतो. खोट्या गिटारीत बहुधा ॲलन कीसाठी भोक असलेला धातूचा तुकडा दिसतो. झाकणाचा एक स्क्रू कमी करणे सोपे, कांबेची जात बदलायची तर मान घडविण्याची सारी पद्धत बदलावी लागेल, आणि तो खर्च त्या व्यवहारात बसत नाही. येथे वादकाचा प्रत्यक्ष स्वार्थही गुंतलेला आहे. खोट्या गिटारीतील कांब पुष्कळदा काम करीत नाही, आणि मग एका पावसाळ्यात वाकलेली मान सरळ करण्याचा मार्गच उरत नाही.

यानंतर वाद्य उलटे करून मानेची मागची बाजू उजेडाकडे तिरकी धरावी. गिब्सनचा हेडस्टॉक मागच्या बाजूला सुमारे १७ अंशांनी (१९६० च्या दशकाच्या मध्यानंतर काही वर्षे १४ अंशांनी) कललेला असतो, आणि मान व हेडस्टॉक महोगनीच्या एकाच जाड फळीतून कापलेले असतात. फळीची रुंदी हेडस्टॉकला अपुरी पडते म्हणून त्याच्या दोन्ही कडांना लहान पट्ट्या तेवढ्या चिकटविलेल्या असतात. या रीतीत बरेच लाकूड वाया जाते. काटकसरीचा मार्ग असा की सरळ, पातळ फळी तिरकी कापून हेडस्टॉकचा तुकडा तिला सांधावा, आणि बनावट गिटारी बहुशः याच मार्गाने जातात. मग हेडस्टॉकच्या पाठीमागे किंवा मानेच्या पहिल्या दोन-तीन फ्रेटांच्या आसपास आडवी, स्वच्छ, सरळ अशी एक सांध्याची रेघ दिसते, अथवा ती दिसू नये म्हणून तेवढ्या भागावर गडद रंगाचा पट्टा ओढलेला असतो. असा सांधा स्वतः दोषरूप नाही, अनेक उत्तम कारागीर तो जाणीवपूर्वक वापरतात. गिब्सनच्या लेस पॉलमध्ये मात्र त्याला स्थान नाही. येथे उतावीळ परीक्षकाने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गिब्सनची मान नेमकी याच जागी नाजूक असते आणि पडली की तिथे मोडते, तेव्हा तंतूंच्या कलाने गेलेली, वेडीवाकडी, दातेरी रेघ दिसली तर ती मोडून जुळविलेल्या अस्सल गिटारची असू शकते, जिची किंमत घटते पण कुळी बदलत नाही. दुसरे असे की १९६९ पासून १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंतच्या पुष्कळ गिटारींच्या माना तीन उभ्या पट्ट्या जोडून केलेल्या आहेत आणि हेडस्टॉकच्या मुळाशी त्यांना एक उंचवटा ठेवलेला आहे. त्या पट्ट्यांच्या रेघा मानेच्या लांबीला समांतर धावतात, आडव्या जात नाहीत. सालाचा आणि खुणेचा मेळ पाहावा असे वर म्हटले ते याचसाठी.

फ्रेटबोर्डच्या कडेने जी पांढुरकी पट्टी असते ती जुन्या रीतीच्या गिब्सनवर प्रत्येक फ्रेटच्या टोकाशी किंचित उचललेली, म्हणजे फ्रेटचे टोक आपल्यात मिटवून घेणारी असते. खोट्यावर फ्रेट पट्टीच्या वर चढून कडेपर्यंत जातो. ही खूण पूर्वी निर्णायक मानीत, परंतु २०१४ च्या सुमारास गिब्सननेच अनेक गिटारींवर ही पद्धत सोडल्यामुळे तिचा उपयोग त्याआधीच्या गिटारींपुरता राहिला आहे. ब्रिज ज्या दोन खांबांवर उभा असतो ते खोट्यावर बहुधा जाड असून त्यांच्या माथ्यावर स्क्रूड्रायव्हरसाठी रुंद खाच असते; अमेरिकी गिब्सनचे खांब बारीक असतात आणि ब्रिज उंच-खाली करण्यास हाताने फिरवायची चकती असते.

फ्रेटबोर्डच्या लाकडाविषयी आपल्याकडच्या वाचकाला एक गोष्ट जवळची वाटेल. पूर्वी या कामी ब्राझीलचा शिसव वापरीत. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून त्याची जागा मोठ्या प्रमाणावर भारतीय शिसवाने घेतली, आणि तो वृक्ष आपल्या सह्याद्रीच्या पश्चिम उतारांवरही वाढणारा तोच शिसव, ज्याचे जुने पलंग, देव्हारे आणि कपाटे कोकणातल्या घरांतून अद्याप उभी आहेत. ज्याने तसले लाकूड निरखून पाहिले आहे त्याला जांभळट-तपकिरी रंगात उतरणाऱ्या काळसर शिरा आणि उघडी रंध्रे ओळखण्यास फारसे सायास पडत नाहीत. बनावट गिटारवर कोणतेही फिकट लाकूड काळपट रंगविलेले असते. मालकाची संमती घेऊन तारांखाली पांढरे फडके किंचित ओले करून घासले तर तो रंग फडक्यावर उतरतो, आणि शेवटच्या फ्रेटच्या पलीकडे, जिथे ब्रश नीट पोचलेला नसतो, मूळचा फिकटपणा उघडा पडतो.

आता पाठीवरचे झाकण उघडावे. माझ्या मते संपूर्ण परीक्षणात सर्वांत मोलाची जागा ही होय, आणि जो विक्रेता चार स्क्रू काढू देण्यास नकार देतो त्याच्याकडे कितीही गोड कारण असले तरी व्यवहार तिथेच थांबवावा. आत आवाज व स्वर नियंत्रित करणारे चार पॉट दिसतात. जुन्या अस्सल वाद्यात ते आकाराने मोठे, अमेरिकी कारखान्यांचे आणि धातूच्या जाळीने वेढलेल्या वायरींनी जोडलेले असतात. खोट्यात पुष्कळदा चिमुकले पॉट, पातळ प्लॅस्टिकच्या रंगीत वायरी आणि घाईने सांडलेले सोल्डर दिसते. येथेही अपवाद आहे: २००८ नंतरच्या काही अस्सल गिटारींत वायरींऐवजी छापील सर्किटची पट्टी बसविलेली आढळते, तेव्हा नवेपणा म्हणजेच खोटेपणा असे समजू नये. जुन्या पॉटच्या पाठीवर किंवा कडेवर आकडे उमटविलेले असतात, आणि त्यांत एक लहानसा दस्तऐवज दडलेला असतो. पहिले तीन आकडे कारखान्याचे, उदाहरणार्थ १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. त्यापुढचे साल आणि आठवडा. १३७७६३३ असे दिसल्यास तो पॉट सीटीएस कंपनीने १९७६ च्या ३३ व्या आठवड्यात केलेला होय. पॉट कारखान्यात काही महिने पडून राहू शकतो, म्हणून गिटार त्याच्याहून उशिराची असू शकते. ती त्याच्याहून आधीची असू शकत नाही, पॉट मागाहून बदललेला नसेल तर. १९५९ ची म्हणून सांगितलेल्या गिटारीत १९७६ चा पॉट निघाला आणि त्याचे सोल्डर कारखान्यातल्यासारखे अस्पर्श दिसले, तर विक्रेत्याचे पुढचे निवेदन ऐकण्याची गरज उरत नाही.

अनुक्रमांकावर लोकांचा फार भरवसा असतो. तो इतका असू नये. १९७७ पासून गिब्सनने हेडस्टॉकच्या पाठीवर आठ आकडे दाबून उमटविण्यास सुरुवात केली, त्यांत पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल होते, दुसरा ते चौथा हे वर्षातील कितवा दिवस ते सांगतात आणि शेवटचे तीन त्या दिवसाच्या क्रमाचे असतात. ९०३२९५१२ याचा अर्थ १९९९ सालचा ३२ वा दिवस, म्हणजे १ फेब्रुवारी, आणि त्या दिवशीचा क्रम ५१२. १९९४ मध्ये कंपनीच्या शताब्दीनिमित्त पुष्कळ क्रमांक सरळ ९४ ने सुरू केले गेले, २००५ मध्ये एक आकडा वाढला, आणि २०१४ पासून ही रीतच पालटली. हे ज्ञान उपयोगी पडते ते एकाच दिशेने: दिवसाच्या जागी ५४० असा अशक्य आकडा आला तर क्रमांक खोटा ठरतो, पण सर्व आकडे बिनचूक आले म्हणून गिटार खरी ठरत नाही, कारण एखाद्या अस्सल वाद्याच्या छायाचित्रावरून क्रमांक उतरवून घेण्यास काहीच कष्ट पडत नाहीत आणि एकच क्रमांक अनेक खोट्या गिटारींवर उमटलेला आढळतो. क्रमांकाचा ठसा कसा आहे हे मात्र पाहण्याजोगे असते. कारखान्यात तो लाकडात दाबला जातो आणि त्यावर लॅकर चढतो. खोट्यावर तो कित्येकदा वरून कोरलेला किंवा नुसता रंगाने छापलेला असतो.

खऱ्या अर्थाने जुन्या, म्हणजे १९५० च्या दशकातल्या वाद्यांत संपूर्ण बनावट क्वचित आढळते. तिथे फसवणूक तुकड्यातुकड्यांची असते. सेथ लव्हरच्या पिकअपसाठी पेटंटचा अर्ज १९५५ मध्ये गेला आणि पेटंट १९५९ मध्ये मिळाले, त्यामुळे १९५७ पासून सुमारे १९६२ पर्यंतच्या पिकअपांच्या तळाशी ‘पेटंट अर्जाधीन’ अशा अर्थाची लहान चिठ्ठी चिकटविलेली असे. पुढे चिठ्ठीवर पेटंटचा क्रमांक आला, पण गमतीची गोष्ट अशी की २,७३७,८४२ हा तो क्रमांक पिकअपचा नसून लेस पॉलने योजलेल्या ब्रिजच्या पेटंटचा आहे. या चिठ्ठ्यांच्या खोट्या प्रती आज सहज मिळतात, आणि चिठ्ठी लावलेला एक पिकअपही मोठ्या किमतीस विकला जातो. म्हणून चिठ्ठीपेक्षा तिच्या खालची पट्टी, स्क्रू, वायरीचे वेष्टन आणि झाकणाच्या कडेचे सोल्डर पूर्वी कधी उघडले गेले आहे काय, याचा तपास करावा. रंगाच्या बाबतीत अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाशाची लहान बॅटरी मोठी मदत करते: जुना नायट्रोसेल्युलोज लॅकर तिच्याखाली हिरवट-पिवळा उजळतो, तर नव्याने रंगविलेला भाग किंवा मोडलेल्या जागेवर चढविलेला थर गडद डागासारखा वेगळा उमटतो. सोनेरी गिटारवरचा रंग काढून तिला १९५९ च्या छटेची बनविण्याचे उद्योगही झालेले आहेत. उघड सांगून केले तर ते कलाकौशल्य, लपवून केले तर फसवणूक.

फेंडरच्या गिटारींची कथा थोडी निराळी आहे आणि येथे ती संक्षेपाने सांगणे पुरे. कॅलिफोर्नियातील फुलरटन येथे लिओ फेंडर यांनी १९५० च्या सुमारास टेलिकास्टरचा आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टरचा जो घाट ठरविला, त्यात मान चिकटविलेली नसून चार स्क्रूंनी अंगाला आवळलेली असते. दुरुस्तीस हे फार सोयीचे. पण त्यामुळेच एका वाद्याची मान, दुसऱ्याचे अंग आणि तिसऱ्याची क्रमांकाची पट्टी एकत्र करून चौथे वाद्य उभे करणेही तितकेच सोपे. फेंडरच्या परवान्याने इतर कारखाने बदली माना करतात, त्या नावाशिवाय विकल्या जातात, आणि नावाची चिकटचित्रे वेगळी मिळतात. तेव्हा स्क्रू सोडवून मानेच्या टाचेवरची पेन्सिलीची किंवा शिक्क्याची तारीख, पिकअपखालची खूण आणि पॉटवरचे आकडे यांचा काही महिन्यांच्या आत मेळ बसतो काय हे पाहावे. क्रमांक १९७६ पर्यंत बहुधा पट्टीवर असे, आणि पट्टी कोणत्याही अंगावर चढते.

मुंबई, पुणे किंवा गोव्यात अशी गिटार विकत घेऊ इच्छिणाऱ्याने व्यवहार दिवसाउजेडी करावा, सोबत एक लहान स्क्रूड्रायव्हर, दंतवैद्य वापरतात तसा आरसा आणि बॅटरी न्यावी, आणि शक्य तर वाद्य दुरुस्त करणारा एखादा जाणकार बरोबर घ्यावा; त्याची मजुरी देण्यास कचरू नये, कारण ती किमतीच्या मानाने नगण्य असते. छायाचित्रांवरून सौदा करण्याची वेळ आली तर झाकणाखालच्या नटचे, मानेच्या पाठीचे आणि आतल्या पॉटचे छायाचित्र मागावे, आणि त्यांत त्या दिवशीचे वर्तमानपत्र दिसावे असा आग्रह धरावा, म्हणजे दुसऱ्याच्या गिटारीची चित्रे दाखविण्याची वाट बंद होते. पावतीवर नाव, घडण, अनुक्रमांक आणि ‘अस्सल’ हा शब्द लिहून सही घ्यावी. खरा मालक हे सर्व आनंदाने करतो. त्यालाही आपल्या वाद्याचा अभिमान असतो.

आणि एवढे करूनही घरी आलेली गिटार खोटी निघाली तर? पावती व छायाचित्रे हाती असल्यास पैसे परत मागण्याचा आणि फिर्याद देण्याचा मार्ग मोकळा आहे. व्यापार चिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम १०४ अन्वये खोटे व्यापारचिन्ह लावलेला माल विकणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि हे कलम आपल्या फसवणुकीचा भार दुसऱ्याच्या गळ्यात घालू पाहणाऱ्या दुसऱ्या विक्रेत्यालाही लागू पडते. वाद्य वाजते, मान सरळ आहे आणि ते टाकवत नाही, अशी स्थिती असल्यास कारागिराकडून हेडस्टॉकवरचे नाव व पाठीवरचा क्रमांक घासून काढावा, त्या जागी साधा लॅकर द्यावा, आणि पुढे कधी ते विकायचे झाले तर घेणाऱ्याला त्याची सगळी हकिगत सांगून, निनावी गिटार म्हणून जी किंमत येईल तेवढीच घ्यावी.